धावपट्टी एका वेळी एकाचीच

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे उड्डाणाच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांबद्दल आहेत. विमान टर्मिनलपासून निघून हवेत जाईपर्यंत इतक्यांदा का थांबतं, कोण कोणाला काय विचारतं, आणि चूक होते ती नेमकी कुठे? एकमेकांशी जोडलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : हवेत दोन विमानं जवळ आली तर टीकॅस नावाची यंत्रणा आपोआप इशारा देते, असं वाचलं. मग धावपट्टीवर टक्कर होण्याची भीती उरतेच कशी?

टीकॅस जमिनीजवळ मुद्दाम गप्प केलेली असते. ही यंत्रणा समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरला, म्हणजे रेडिओवर आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाला, सतत विचारणा करून त्याचं अंतर आणि उंची काढते, आणि एका वैमानिकाला ‘चढा’, दुसऱ्याला ‘उतरा’ असं सांगते. जमिनीपासून साधारण १००० फुटांच्या खाली ‘उतरा’ म्हणणं म्हणजे जमिनीवर आपटायला सांगणं. म्हणून त्या उंचीखाली ती असे आदेश देतच नाही. उड्डाणाची पूर्ण धाव आणि चाकं सुटल्यानंतरची पहिली वीस-तीस सेकंदं टीकॅसच्या भरवशावर नसतात.

त्या वेळात सगळं एकाच नियमावर टेकलेलं असतं : धावपट्टी एका वेळी एकाचीच. धावपट्टीवर किंवा तिच्याभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात विमान, वाहन किंवा माणूस चुकून आला की त्याला ‘रनवे इन्कर्शन’ म्हणतात. टक्कर व्हावीच लागते असं नाही. नाक दोन मीटर पुढे आलं आणि लगेच थांबलं तरी नोंद होते. गंभीरतेनुसार ए ते डी अशी प्रतवारी असते. ‘ए’ म्हणजे टक्कर अगदी थोडक्यात टळली, ‘डी’ म्हणजे चूक झाली पण लगेचचा धोका नव्हता. आमच्या मते ‘डी’च्या नोंदी जास्त काळजीने वाचायला हव्यात. एकाच वळणावर चार वेगवेगळे वैमानिक चुकत असतील तर दोष त्या वळणाच्या रचनेत, खुणेत किंवा दिव्यात असतो. अशा जागा विमानतळाच्या नकाशावर ‘हॉट स्पॉट’ म्हणून गोल करून दाखवतात. वैमानिकांनी टॅक्सी, म्हणजे जमिनीवर चाकांवरून विमान नेणं, सुरू करण्यापूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये त्यांची नावं मोठ्याने घ्यायची असतात.

प्रश्न : विमान धावपट्टीच्या तोंडाशी थांबतं, मग आत वळतं आणि पुन्हा थांबतं. हे दोनदा थांबणं कशासाठी?

पहिला थांबा होल्डिंग पॉइंटवर, म्हणजे धावपट्टीबाहेर थांबायच्या जागी. तिथे टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, आडव्या चार पिवळ्या रेषा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषा आपल्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय ओलांडायच्या नाहीत. धावपट्टीवरून बाहेर येताना तुटक रेषा आधी लागतात, तेव्हा मात्र न थांबता पूर्ण पार व्हायचं. उपकरणांच्या साहाय्याने अचूक उतरण्याची सोय असलेल्या मोठ्या धावपट्टीच्या मध्यरेषेपासून ही खूण निदान ९० मीटर दूर असते. बाजूला लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक असतो. लाल पाटी म्हणजे आदेश. काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरं आपण कुठे आहोत ते सांगतात, पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं पुढचा रस्ता दाखवतात.

बऱ्याच विमानतळांवर इथे जमिनीत बसवलेल्या लाल दिव्यांची ओळ असते, तिला स्टॉप बार म्हणतात. पेटलेला स्टॉप बार ओलांडायचा नाही. कंट्रोलरने तोंडी परवानगी दिली आणि दिवे लालच राहिले, तरी जागेवर थांबून विचारायचं. तोंडाने एक आणि दिव्याने दुसरं सांगितलं जात असेल तर दोन्हींपैकी एक चूक आहे, आणि ती कोणती हे वैमानिकाने स्वतःच्या मनाने ठरवू नये.

दुसरा थांबा धावपट्टीवर, ‘लाइन अप अँड वेट’ या आदेशानंतर. त्याचा अर्थ एवढाच, की आत या, मध्यरेषेवर नाक सरळ करा आणि थांबा. उडायची परवानगी यात नाही. ती ‘क्लिअर्ड फॉर टेकऑफ’ या शब्दांनीच मिळते. अमेरिकेत आधी ‘पोझिशन अँड होल्ड’ म्हणत. २०१० मध्ये तिथेही ‘लाइन अप अँड वेट’ आलं, कारण रोज दोन देशांत उडणाऱ्या वैमानिकाच्या कानाला एका कृतीसाठी दोन वाक्यं नकोत.

धावपट्टीत शिरणं, ती ओलांडणं, तिच्याबाहेर थांबणं, उडणं, उतरणं या प्रत्येक आदेशाचा रीडबॅक सक्तीचा असतो, म्हणजे वैमानिकाने तो धावपट्टीच्या क्रमांकासह आणि कॉलसाइनसह (रेडिओवरच्या विमानाच्या नावासह) परत म्हणायचा. नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. आणि कंट्रोलरने तो रीडबॅक खरोखर ऐकायचा. गर्दीच्या वेळी कंट्रोलर पुढच्या विमानाचा विचार करत असतो आणि जे ऐकू येईल असं त्याला वाटत असतं तेच त्याला ऐकू येतं. चुकीचा रीडबॅक निसटतो तो असा.

काही वेळा अटीची परवानगी देतात : अमुक विमान उतरून पुढे गेलं की त्याच्या मागे आत या. यात अट वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा म्हणायची असते. ज्या विमानाची अट घातली ते वैमानिक आणि कंट्रोलर दोघांनाही दिसत असलं पाहिजे. धुक्यात हे शक्य नाही, म्हणून धुक्यात अशी परवानगी द्यायची नाही. चांगल्या हवेतही धोका राहतोच. एकामागे एक सारखीच दोन विमानं येत असतील तर वैमानिक पहिल्याच्या मागे आत शिरतो आणि कंट्रोलरच्या मनात दुसरं असतं.

प्रश्न : टोकियोच्या हानेदा विमानतळावर सगळं आधुनिक असूनही टक्कर झाली. नेमकं काय चुकलं?

२ जानेवारी २०२४च्या संध्याकाळी जपानी तटरक्षक दलाचं छोटं डॅश-८ विमान धावपट्टीवर उभं होतं आणि त्याच धावपट्टीवर ए-३५० हे मोठं प्रवासी विमान उतरलं. मोठ्या विमानातले ३७९ जण बाहेर पडले. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. त्या विमानाला होल्डिंग पॉइंट सी-५ पर्यंत येण्याचा आदेश होता आणि त्यासोबत ‘नंबर वन’ असं सांगितलं होतं, म्हणजे उडणाऱ्यांच्या रांगेत पहिलं. वैमानिकाने आदेश बरोबर परत म्हटला होता, आणि तरीही विमान आत गेलं. शब्द बरोबर परत आले म्हणजे अर्थही बरोबर पोचला असं नसतं. म्हणूनच क्रमांक सांगण्याबाबत आम्ही फार सावध आहोत. रांगेतला नंबर ही नुसती माहिती असते, पण निघायची घाई असलेल्या माणसाला ती परवानगीसारखी ऐकू येते.

आणखी दोन गोष्टी. तिथला स्टॉप बार त्या काळात देखभालीसाठी बंद होता. आणि धावपट्टीवर कुणीतरी आहे हे कंट्रोलरच्या पडद्यावर रंग बदलून दिसत होतं, पण त्याला आवाज नव्हता. छोटं विमान धावपट्टीवर सुमारे ४० सेकंद उभं होतं. टॉवरमध्ये बसणारा माणूस खिडकीबाहेर पाहतो, पडद्याकडे पाहतो, विमानांच्या नोंदींच्या पट्ट्यांवर लिहितो. नुसता रंग बदलून त्याचं लक्ष वेधलं जाईलच असं नाही.

प्रश्न : ‘टेकऑफ’ हा शब्द रेडिओवर सहज उच्चारत नाहीत, हे खरं का?

खरं आहे. हा शब्द परवानगी देताना आणि ती रद्द करताना एवढ्याच दोन वेळी वापरायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. यामागे २७ मार्च १९७७ची तेनेरिफ या स्पॅनिश बेटावरची दुर्घटना आहे. तिथल्या लोस रोदेओस विमानतळावर केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्याने बरीच विमानं या लहान विमानतळावर वळवली होती. टॅक्सीवे उभ्या विमानांनी अडला होता, म्हणून विमानं धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जात होती. त्यात धुकं उतरलं.

केएलएमचं विमान टोकाला वळून उभं राहिलं. त्याला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली. उडायची परवानगी ही वेगळी गोष्ट, ती मिळालीच नव्हती. रीडबॅकच्या शेवटी सहवैमानिक म्हणाला, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’. कंट्रोलरला वाटलं, उडायच्या जागी तयार उभे आहेत. त्याने ‘ओके’ म्हटलं आणि क्षणभर थांबून ‘थांबा, मी सांगतो’ अशा अर्थाचं वाक्य जोडलं. त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांनीही बटण दाबून सांगितलं, की आम्ही अजून धावपट्टीवर आहोत.

विमानांचा रेडिओ एका वेळी एकाचंच ऐकवू शकतो. दोघं एकदम बोलले की दोन्ही लहरी मिसळून एक लांब कर्कश शिट्टी उरते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्पष्ट पोचला आणि त्यानंतरची दोन्ही महत्त्वाची वाक्यं शिट्टीत बुडाली. म्हणून शिकवतात, की शिट्टी ऐकू आली तर काहीतरी निसटलं असं धरायचं आणि परत विचारायचं. नुसत्या ‘ओके’वर धावपट्टीच्या बाबतीत काहीही करायचं नाही.

फ्लाइट इंजिनिअरने धाव सुरू झाल्यावर विचारलं होतं, की ते विमान बाहेर गेलं ना? उत्तर ठामपणे ‘हो’ असं आलं आणि विषय संपला. कॉकपिटमधल्या सर्वांत कनिष्ठ माणसाची शंकासुद्धा दूर होईपर्यंत विमान हलवायचं नाही, हा आजच्या प्रशिक्षणातला आग्रह मुख्यतः तिथून पक्का झाला.

प्रश्न : अनुभवी वैमानिक चुकीच्या धावपट्टीवर कसे जातात? जमिनीवर मोठे आकडे रंगवलेले असतात ना?

असतात, पण ते पाहायला मान वर हवी. टॅक्सी करताना एकजण चेकलिस्ट वाचत असतो, कधी बदललेली परवानगी संगणकात भरत असतो. २७ ऑगस्ट २००६ला अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन इथे पहाटेच्या अंधारात एका जेटला २२ क्रमांकाची ७००३ फूट लांब धावपट्टी दिली होती. ते वळलं २६वर, जी ३५०० फुटांची होती आणि जिच्यावर दिवे नव्हते. दिवे नाहीत हे कॉकपिटमध्ये बोललंही गेलं, पण धाव थांबली नाही. ५० पैकी ४९ जण गेले.

धावपट्टीचा आकडा म्हणजे तिच्या चुंबकीय दिशेचा दहावा भाग. २२ म्हणजे साधारण २२० अंश, २६ म्हणजे २६०. मध्यरेषेवर आल्यावर होकायंत्राकडे पाहिलं की ४० अंशांचा फरक लगेच कळतो. म्हणून आज अनेक कंपन्यांच्या पद्धतीत थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) पुढे ढकलण्याआधी दोघांनी तीन गोष्टी जुळवायच्या असतात : बाहेरची पाटी किंवा रंगवलेला आकडा, होकायंत्र, आणि संगणकात भरलेली धावपट्टी. तिन्ही एकच सांगत असतील तरच पुढे. समांतर धावपट्ट्यांत मात्र होकायंत्र मदत करत नाही, कारण दिशा एकच असते. ३१ ऑक्टोबर २०००ला तैपेईमध्ये वादळी पावसात एक ७४७ ०५-डावीऐवजी कामासाठी बंद असलेल्या ०५-उजवीवरून धावलं आणि बांधकामाच्या यंत्रांवर आदळलं. ८३ जणांचा मृत्यू झाला. समोर वळणारे हिरवे दिवे होते, वैमानिक त्यांच्यामागे गेले. बंद धावपट्टीकडे नेणारा दिवा पेटलेला ठेवू नये, तिथे प्रत्यक्ष अडथळा उभा करावा.

आपण कुठे आहोत याची खात्री नसेल तर उपाय एकच : थांबायचं आणि तसं सांगायचं. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ला दाट धुक्यात एक छोटं जेट आर-५ऐवजी आर-६ टॅक्सीवेवर गेलं. वैमानिकाने वाटेतली ‘एस-४’ ही खूण सांगितली होती. ती खूण कुठे आहे हे कंट्रोलरला माहीत नव्हतं, आणि जमिनीवरचा रडारही चालू नव्हता. ते जेट उडणाऱ्या प्रवासी विमानासमोर आलं. ११८ बळी गेले. न ओळखीचं नाव ऐकू आलं की तिथेच सगळं थांबवायला हवं होतं.

प्रश्न : टॉवरमधला माणूस धावपट्टीवर उभं केलेलं विमान विसरू शकतो का?

विसरू शकतो. १ फेब्रुवारी १९९१ला लॉस एंजेलिसमध्ये तेच झालं. अंधार पडल्यावर छोटं मेट्रोलाइनर धावपट्टीच्या मध्ये, टॅक्सीवे येऊन मिळतो अशा एका छेदाच्या जागी उभं केलं होतं, आणि त्याच धावपट्टीवर ७३७ला उतरायची परवानगी दिली गेली. ३५ जण गेले. उतरणाऱ्या वैमानिकांना ते विमान दिसलं नाही, कारण त्याचे दिवे धावपट्टीच्या दिव्यांत मिसळून गेले.

यावरचे उपाय साधे आहेत. धावपट्टीवर कोणी असेल तर कंट्रोलरच्या समोर ठरलेल्या जागी लाल पट्टी किंवा खूण ठेवायची आणि ती हलवेपर्यंत कुणालाही परवानगी द्यायची नाही. रात्री मधल्या छेदावर विमान थांबवून ठेवणं टाळायचं. वैमानिकाच्या बाजूने, धावपट्टीवर दीड-दोन मिनिटं शांततेत गेली तर स्वतः बोलायचं : आम्ही अमुक धावपट्टीवर उभे आहोत. रेडिओवर त्याच धावपट्टीवर कुणाला उतरायची परवानगी मिळालेली ऐकू आली तर एक सेकंदही थांबायचं नाही. रात्री नाक मध्यरेषेपासून हातभर बाजूला ठेवलं तर विमानाचे दिवे मध्यरेषेच्या दिव्यांत हरवत नाहीत. धावपट्टीत शिरताना स्ट्रोब (लखलखणारे दिवे) लावायचे, लँडिंग लाइट मात्र उड्डाणाची परवानगी मिळाल्यावर. म्हणजे पेटलेला लँडिंग लाइट पाहून इतरांना कळतं की हे विमान आता सुटतंय.

माणसाला न विचारता काम करणारी यंत्रणाही आहे. अमेरिकेतल्या काही मोठ्या विमानतळांवर ‘रनवे स्टेटस लाइट्स’ बसवले आहेत. उडणाऱ्या विमानाचा वेग साधारण ३० नॉट झाला की पुढच्या सगळ्या छेदांवर लाल दिवे लागतात. उभ्या विमानासमोर धावपट्टीवरच दुहेरी लाल ओळ लागली तर पुढे कुणीतरी आहे. हे दिवे कधीही परवानगी देत नाहीत, फक्त अडवतात. ते विझले म्हणून निघायचं नाही.

प्रश्न : धाव सुरू झाल्यावर समोर दुसरं विमान दिसलं तर थांबता येतं का?

वेगावर अवलंबून आहे. १४० नॉट म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. पाहणं, ओळखणं आणि हात मागे ओढणं यात दोन सेकंद गेली तर ब्रेक लागण्यापूर्वीच जवळजवळ १५० मीटर संपले. प्रत्येक उड्डाणासाठी वजन, तापमान, धावपट्टीची लांबी आणि ओलावा पाहून ‘व्ही-वन’ हा वेग काढतात. त्यापर्यंत थांबायचं ठरवलं तर उरलेल्या धावपट्टीत थांबता येतं, त्यानंतर उडायचंच. पण हा हिशोब रिकाम्या धावपट्टीसाठी केलेला असतो. १२०० मीटरवर दुसरं विमान उभं असेल तर व्ही-वनच्या आधी थांबूनही उपयोग होईल असं नाही.

विमान हललं नसेल तर कंट्रोलर ‘होल्ड पोझिशन, कॅन्सल टेकऑफ’ म्हणतो, धावू लागलं असेल तर ‘स्टॉप इमिजिएटली’. दोन्ही दोनदा, कॉलसाइनसह. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर १३ जानेवारी २०२३ला ७७७ने चुकीने धावपट्टी ओलांडली. जमिनीवरच्या रडारने इशारा दिला, कंट्रोलरने धावणाऱ्या ७३७ची परवानगी रद्द केली आणि ते वेळेत थांबलं. वैमानिकांचा प्रतिसाद तत्काळ होता, कारण प्रत्येक सिम्युलेटर सत्रात धाव मोडण्याचा सराव असतो : थ्रॉटल मागे, पूर्ण ब्रेक, पंखांवरचे हवा अडवणारे स्पॉयलर वर, इंजिनांचा झोत उलटा (रिव्हर्स).

प्रश्न : पुढचं विमान उडालं, धावपट्टी रिकामी दिसते, तरी मागच्याला लगेच का सोडत नाहीत?

मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे जड भोवरे निघतात आणि ते मागे बराच वेळ फिरत राहतात. मोठ्या जेटमागे मध्यम किंवा लहान विमान असेल तर २ मिनिटं थांबवतात. मागचं विमान धावपट्टीच्या मधूनच निघणार असेल तर ३, कारण ते भोवऱ्यांच्या उंचीतूनच चढतं. ए-३८०मागे याहून जास्त.

प्रश्न : आमचं विमान उतरता उतरता एकदम वर गेलं. काही बिघडलं होतं का?

बहुधा नाही. धावपट्टी वेळेत मोकळी झाली नाही की हेच करायचं असतं. ४ फेब्रुवारी २०२३ला ऑस्टिनमध्ये धुक्यात एका ७३७ला उडायची परवानगी दिली, तेव्हा मागून ७६७ उतरत होतं. ७३७ धावपट्टीवर इंजिन तपासायला थोडं थांबलं. ७६७च्या सहवैमानिकाला त्याची आकृती दिसली आणि त्यांनी विमान वर घेतलं. दोघांत २०० फुटांपेक्षा कमी अंतर उरलं होतं. उतरणाऱ्यासाठी वर जाणं हा हुकमी उपाय असतो, उडणाऱ्याकडे तसा काही नसतो. म्हणून धावपट्टीत शिरल्यावर कुठलीही तपासणी करायची असेल तर ती परवानगी घेण्याआधीच सांगायची.

प्रश्न : आमच्या प्रशिक्षण धावपट्टीवर टॉवर नाही. तिथे काय काळजी घ्यायची?

सर्वांत आधी फ्रिक्वेन्सी बरोबर आहे का आणि रेडिओचा आवाज वर आहे का ते पाहा. होल्डिंग पॉइंटवर विमान असं तिरकं उभं करा, की उतरण्याच्या दोन्ही बाजू आणि दोन्ही टोकं डोळ्यांनी दिसतील. हलक्या, खाली पंख असलेल्या विमानातून खालचं दिसत नाही, तर उंच पंखाच्या विमानात वळताना आतली बाजू झाकली जाते. मग बोला : ठिकाण, विमानाचा प्रकार, धावपट्टीचा क्रमांक, काय करणार, शेवटी पुन्हा ठिकाण. उत्तर आलं नाही म्हणजे कोणी नाही असं समजू नका, काही विमानांत रेडिओच नसतो. आत शिरल्यावर लगेच निघा. तपासण्या बाहेर संपवा.

कोण बोललं हे नक्की करा. १९ नोव्हेंबर १९९६ला अमेरिकेतल्या क्विन्सी इथे टॉवर नव्हता आणि धावपट्ट्या एकमेकींना छेदत होत्या. उतरणाऱ्या बीच १९०० या छोट्या प्रवासी विमानाच्या वैमानिकाने विचारलं, दुसऱ्या धावपट्टीच्या टोकावरचं किंग एअर विमान थांबणार आहे का? उत्तर दिलं ते किंग एअरच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच एका छोट्या विमानाने, आणि त्याचे शब्द उतरणाऱ्या कॉकपिटमधल्या ‘टू हंड्रेड’ या उंचीच्या घोषणेत अडकले. ऐकणाऱ्यांना वाटलं, किंग एअर थांबतंय. ते थांबलं नव्हतं. दोन्ही विमानांतले १४ जण गेले. अशा वेळी उत्तरात कॉलसाइन ऐकू आला नसेल तर उत्तर मिळालंच नाही असं धरा, पुन्हा विचारा, आणि वेळ उरला नसेल तर थ्रॉटल पुढे करून वर जा.